रेंज गेली, सोबतचा माणूस कुठंय?

ठाण्याहून कसारा लोकल पकडायची, आसनगावला उतरायचं, आणि हा समोर माहुलीचा किल्ला. माहुली, भंडारगड, पळसगड, तिन्ही एकाला एक लागून, अंगाखांद्यावर गच्च रान, आणि पावसाळ्यात ढग खाली उतरला की पुढचा माणूस दहा पावलांवर गायब होतो. हाक मारली तर ती कड्यावर आपटून भलतीकडूनच ऐकू येते. फोनची रेंज तर कधीच गेलेली.

जीपीएस मात्र चालू असतं बरं का, कारण ते वीसेक हजार किलोमीटर वरच्या सॅटेलाईटचं फक्त ऐकतं, त्याला टॉवर लागत नाही. म्हणजे मी कुठंय ते मला कळतं, पण मित्राला कोण सांगणार? त्यासाठी प्रत्येकाकडे लोरा रेडिओचं छोटं यंत्र हवं, टॉवरशिवाय थेट एकमेकांना छोटे निरोप पाठवणारं. अक्षांश-रेखांश आठ बाईटमध्ये बसतात, आणि एवढासा निरोप सावकाश पाठवला की कमी बॅटरीतही लांब जातो. मध्ये डोंगराची सोंड आली तर अडतो, मग माथ्यावर कोणी असेल तर त्याचं यंत्र तो निरोप पुढे ढकलतं, मेशटॅस्टिक हे ओपन सोर्स फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, हेच काम करतं.

आता या यंत्राची ही तार बघा. आपल्याकडे यासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ वापरतात, तिथली लाट साधारण ३५ सेंटीमीटरची, तिचा चौथा भाग म्हणजे ही साडेआठ सेंटीमीटरची अँटेना. यंत्र मनगटी घड्याळासारखं केलं तर ती त्यात मावत नाही, दुमडून बारीक केली की जोर जातो, वर हात अंगाला लागला की शरीरच सिग्नल शोषून घेतं. म्हणून मला विचाराल तर मनगट नकोच, सॅकच्या खांद्यावरच्या पट्ट्याला लावा, तार उभी, वर आभाळ मोकळं.

आणि खरं डोकं लावायचं ते स्क्रीनवर. वीस मिनिटांपूर्वीचं लोकेशन आत्ताचं म्हणून दाखवलं तर शोधणारा चुकीच्या घळीत उतरेल, त्यापेक्षा काहीच न दाखवलेलं परवडलं. मित्राची दिशा दाखवणाऱ्या बाणाखाली निरोप किती जुना ते मोठ्या आकड्यात हवं, पाच मिनिटं काहीच आलं नाही की बाण काढून टाकायचा, फक्त शेवटची जागा आणि वेळ ठेवायची, आणि यंत्र चांगलं थरथरलं पाहिजे, कारण पावसात निसरड्या कातळावर स्क्रीनकडे बघत कोणी चालत नाही.