गरब्याची शेवटची रात्र आणि आमचा किप्पूर

नमस्कार मंडळी, आणि आमच्या लोकांना शालोम. आज मी माझ्या नातीबद्दल बोलणारे. पाचवीत आहे, ठाण्यात राहते, आणि वर्गात ज्यू म्हणजे ती एकटीच. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, अलिबाग-रेवदंड्याकडचे. आडनावं पेणकर, दिवेकर, रोहेकर अशी, त्यामुळे सांगेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. १९४८ नंतर आमच्यातले बहुतेक जण इस्रायलला गेले, मग इथे उरलेल्या पोरांना सणाला भावंडं कमी आणि बिल्डिंगमधले दोस्तच जास्त. आणि त्या दोस्तांचे सण वेगळे.

आता गंमत अशी की आमचं कॅलेंडरसुद्धा चंद्रावर चालतं आणि आम्हालाही अधिक महिना असतो, फक्त तो तुमच्याच वर्षी येईल असं नाही. म्हणून काही वर्षी सण महिनाभर लांब जातात आणि काही वर्षी बरोब्बर एकमेकांवर आदळतात. योम किप्पूर, म्हणजे आमचा सगळ्यात मोठा उपास, तिशरी महिन्याच्या दहाव्या दिवशी. दसरा अश्विनातल्या दशमीला. २०२२, २०२४ आणि २०२५, तिन्ही वर्षी दोन्ही एकाच तारखेला आले. आणि आमचा दिवस आदल्या संध्याकाळी सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणजे नवमीची रात्र, म्हणजे गरब्याची शेवटची रात्र, म्हणजे जिच्यात बक्षिसं वाटतात ती रात्र. समजवा आता दहा वर्षांच्या मुलीला.

त्यात आमचं सिनॅगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, शाअर हाशामाईम, १८७९ सालचं, ते टेंभी नाक्याला. ठाणेकरांना वेगळं सांगायला नको, आनंद दिघ्यांनी सुरू केलेला देवीचा उत्सव तिथलाच, नवमीला पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीतून आम्ही पांढरे कपडे घालून वाट काढत आत जाणार. २०२५ ला आत कोल निद्रे, म्हणजे किप्पूरच्या सुरुवातीची प्रार्थना चालू आणि बाहेरून स्पीकरचा आवाज, नातीची मान खाली, पुस्तकात बोट, पण पायाचा अंगठा सँडलमध्ये ठेका धरतोय. तिची आई डोळे वटारत होती. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

मुलींना बारा आणि मुलांना तेरा पूर्ण होईपर्यंत हा उपास सक्तीचा नाहीच. मोठ्यांनी मात्र एका संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत पाणीसुद्धा घ्यायचं नाही. हिने हट्टाने दुपारपर्यंत काही घेतलं नाही, मग आदल्या दिवशी करून ठेवलेला वरणभात थंडच जेवली. कोणी शाबासकी दिली नाही आणि कोणी टोमणा मारला नाही, हे मला बरं वाटलं, कारण पोरांच्या उपासाचे तास मोजत बसणारी मोठी माणसं मला अजिबात आवडत नाहीत. संध्याकाळी शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, फुंकला, दिवस संपला, घरी पोचलो तर गेटवर चार पोरी आपट्याची पानं घेऊन उभ्या. सोनं दिलं-घेतलं आणि लगेच कोणाला कितवं बक्षीस मिळालं, कोणी चीटिंग केली, याचा रिपोर्ट सुरू. हिने अष्टमीलाच दोन रात्रींचा गरबा खेळून घेतला होता, तेव्हा पाय दुखत होते ते वेगळंच.

आमच्या शेजारच्या ताई म्हणतात, बिचारी, सणासुदीला उपाशी. अहो, बिचारी कशाला? माझ्या आजीच्या पिढीत किप्पूरला दरफाळणीचा सण म्हणायचे, दारं लावून घरात बसायचे, आणि होळीच्या सुमारास येणाऱ्या आमच्या पुरीम सणाला सरळ होळीचा सण म्हणायचे. कोकणात राहून हे जमवत आलोत आम्ही. आमचे पूर्वज तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने शनिवार तेली नाव ठेवलं, पण त्यावरून भांडण कुणी केलं नाही.

खरी कटकट त्या शनिवारचीच आहे, सण वर्षातून एकदा येतात, शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंतचा आमचा विसाव्याचा दिवस, दर आठवड्याला. शाळेची पिकनिक शनिवारी, क्लासची टेस्ट शनिवारी, बर्थडे पार्टी तर हटकून शनिवारी पाच वाजता. पार्टीतल्या खाण्याचा मात्र प्रश्न येत नाही, आपल्याकडे व्हेज म्हटलं की निम्मे नियम आपोआप पाळले जातात. गोची उलटी होते, मैत्रिणी आमच्याकडे मटण जेवल्या की आइस्क्रीम मागतात, आणि मटणावर दुधाचं काही चालत नाही आमच्यात. मग मी गव्हाच्या चिकाचा, नारळाचं दूध घातलेला हलवा पुढे करते. पहिल्यांदा नाकं मुरडली, आता डबा घेऊन येतात.

पेसाह, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याचा सण, मात्र नातीला जड जातो. मार्च-एप्रिलमध्ये येतो, आंबवलेलं पीठ चालत नाही म्हणून आठ दिवस पाव बंद. परीक्षेचा पेपर संपला की सगळी गँग वडापावच्या गाडीवर आणि ही बाजूला पाण्याची बाटली घेऊन उभी. आमच्या घरी तेव्हा तांदूळ आणि डाळी चालतात, म्हणून मी घावन आणि बटाटेवडे केले आणि सगळ्यांनाच घरी बोलावलं. पण वडापाव तो वडापाव, खोटं कशाला बोला.

तिची अश्दोदची मावसबहीण वेगळंच सांगते. तिकडे किप्पूरला रस्त्यावर गाड्याच नसतात, मग अख्ख्या गावातली पोरं हायवेच्या मधोमध सायकली पळवतात. दुसऱ्या दिवशी फोनवर ते ऐकून आमची बाई दोन दिवस फुगून बसली होती. आणि तिकडची म्हणते, तुझं बरंय, तुला नऊ दिवस गरबा.

२०२६ ला दसरा आहे २० ऑक्टोबरला आणि किप्पूर येतोय २० सप्टेंबरच्या संध्याकाळी. म्हणजे नवरात्र मोकळं. पण १४ ला गणपती बसतात, आणि २० ला रविवार, सोसायटीचे फॅन्सी ड्रेस आणि डान्स हमखास रविवारीच. कालनिर्णय उघडून हे नातीनेच शोधून काढलं आणि थेट मंडळाच्या काकांना जाऊन सांगितलं की आमचा ग्रुप डान्स शनिवारी रात्री आठनंतर ठेवा. काका म्हणाले, बघतो, हॉलचं बुकिंग कसं आहे ते.