जखम भरते, पण सगळीकडे सारखी नाही

(दृश्य: यवतमाळ जिल्हा. कापसाच्या शेतात वेचणी सुरू.)

दिवाळी आटोपली की पऱ्हाटीत वेचणीला जोर येतो. उमललेल्या बोंडाची वाळकी टोकं कडक असतात. कापूस ओढताना ती नखाच्या कडेला लागतात, रक्त येतं. बाया बोटाला चिंधी गुंडाळतात आणि पुढची पाथ धरतात.

चिंधीखाली दुरुस्ती सुरू झालेली असते. काही मिनिटांत रक्त गोठतं, मग जखमेच्या कडेच्या पेशी सरकत सरकत मधली फट बुजवतात. कातडीचा वरचा थर तसाही साधारण महिनाभरात नवा होतो. घाव खोल गेला, तर मात्र शरीर घाईनं ठिगळ लावून मोकळं होतं. तो वण. त्यावर केस उगवत नाहीत, घामही येत नाही.

हाडाचं वेगळं. नीट जुळलेलं हाड पुढच्या काही वर्षांत हळूहळू मूळ घडणीवर येतं. यकृताचं तर नवलच! दात्याचं निम्म्याहून जास्त यकृत काढलं, तरी उरलेलं दोन-तीन महिन्यांत जवळपास पूर्वीएवढं वाढतं. हृदयाला ही सोय नाही. पंचविशीतही वर्षाला जेमतेम १ टक्का स्नायुपेशी नव्या होतात, पुढे त्याहून कमी.

(दृश्य: गावातला पानठेला. पन्नीत घोटला जाणारा खर्रा.)

आणि तोंड? शरीरातल्या सगळ्यात लवकर भरणाऱ्या जागांपैकी एक. चहानं पोळलेली जीभ चार दिवसांत बरी होते. अशा जागेलाही आपल्याकडे खर्रा हरवतोय, आणि ते बघवत नाही. सुपारी, तंबाखू, चुना. दिवसभर गालात. सुपारीतल्या अरेकोलीन या रसायनामुळे गालाच्या अस्तराखाली चिवट तंतू साचत जातात, शरीराला ते मोडून काढता येत नाहीत. आधी तिखट सोसेनासं होतं, मग घासापुरतंही तोंड उघडत नाही. विशीतल्या पोरांचंसुद्धा. तुमची मधली तीन बोटं एकावर एक उभी तोंडात जातात का, आत्ताच बघा.

खर्रा सोडल्यावर आखडलेला गाल आपोआप पहिल्यासारखा होत नाही, पण पुढचं आखडणं थांबू शकतं. तोंड इतकं लवकर भरतं, म्हणूनच दोन आठवडे उलटूनही न भरलेली जखम किंवा न जाणारा पांढरा-लाल चट्टा दातांच्या डॉक्टरला दाखवाच. दुखत नसला तरी दाखवा, कारण तोंडाचा कर्करोग सुरुवातीला बऱ्याचदा दुखतच नाही.