चालताना नजर स्थिर कशी राहते?

(दृश्य : कोल्हापूरचा रंकाळा तलाव, सकाळ, चालणाऱ्यांची वर्दळ.)

रंकाळ्यावर झपाझप चालणाऱ्याची सेकंदाला साधारण दोन पावलं पडतात. प्रत्येक पावलाला डोकं काही सेंटिमीटर वर-खाली होतं. चालता चालता काढलेला मोबाइलचा व्हिडिओ हिंदकळतो, पण आपल्या डोळ्यांना पलीकडचा शालिनी पॅलेस जागचा हललेला दिसत नाही.

हे काम कानाचं. दोन्ही कानांच्या आत तीन-तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि दोन-दोन बारीक पिशव्या असतात. नळ्या डोकं वळल्याचं टिपतात, तर वर-खाली किंवा पुढे-मागे झाल्याचं पिशव्या टिपतात. डोकं जिकडे वळेल त्याच्या उलट दिशेला बुबुळं फिरतात, तीही जेमतेम १० मिलिसेकंदांत. हलत्या वस्तूचा नुसत्या नजरेनं पाठलाग करायला मात्र १०० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो.

(दृश्य : हातात वर्तमानपत्र.)

पडताळून बघा. पेपर हातभर लांब धरा. डोकं न हलवता पेपर सेकंदाला दोनदा डावीकडे-उजवीकडे हलवा. अक्षरं पुसली जातील. आता पेपर स्थिर धरा आणि तेवढ्याच वेगानं नकारार्थी मान हलवा. मजकूर वाचता येतो! मानेचं दुखणं किंवा चक्कर असेल तर हे करू नका.

जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिनसारख्या औषधांनी काही जणांच्या दोन्ही कानांतली ही यंत्रणा निकामी होते. मग महाद्वार रोडनं चालताना दुकानांच्या पाट्या नाचतात आणि थांबलं की नीट वाचता येतात. अशा वेळी चष्म्याचा नंबर बदलत बसू नये, कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावं.

(दृश्य : संध्यामठ.)

चालता चालता रंकाळ्याच्या पाण्यातल्या संध्यामठावर नजर खिळवा. जवळचा कठडा मागे पळतो, पलीकडचा काठ तुमच्याबरोबर पुढे सरकतो. एक डोळा झाकला तरी अंतराचा अंदाज येतो, तो या फरकावरून.

मेंदूही चालताना वेगळं बघतो. जर्मनीतल्या वुर्ट्सबुर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली दाखवलं, की चालताना कडेच्या दृश्याची दखल मेंदू जास्त घेतो.

(दृश्य : पन्हाळ्याची पायवाट, मग पंचगंगा घाट.)

खडकाळ वाटेवर नजर आपसूक दोन-तीन पावलं पुढच्या जमिनीवर राहते. पाऊल उचललं गेल्यावर त्याची दिशा फारशी बदलता येत नाही, म्हणून जागा आधीच हेरावी लागते. मोबाइलमध्ये मान घातली, की नेमकी हीच पावलं हुकतात.

घाटाच्या पायऱ्या उतरताना बायफोकल चष्मा घात करतो. खालची काच वाचण्यासाठी, सुमारे ४० सेंटिमीटरवरचं दिसावं म्हणून असते, आणि पायरी असते दीड मीटर खाली. पायरीची कड धूसर होते, पाऊल अर्ध्यावर पडतं. हनुवटी छातीकडे झुकवून वरच्या काचेतून बघावं. रोज फिरणाऱ्यांनी नुसत्या लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घेतलेला बरा.