एकाच खोलीतली दोन माणसं

सकाळचे साडेदहा वाजले असतील. आमच्या मजल्यावरच्या एका रूम अटेंडंटने मला ट्रॉलीपाशी थांबवलं आणि म्हणाली, "मॅडम, जरा आत येता का?" तिने मला थेट बाथरूममध्ये नेलं. बेसिनमध्ये, नळाच्या बरोबर खाली, एक छोटा नॅपकिन चौघडी घालून ठेवला होता. चिंब भिजलेला. आजूबाजूचं बेसिन मात्र कोरडं. ती म्हणाली, "तोंड पुसून टाकलेला नॅपकिन चुरगळलेला असतो. हा मुद्दाम घडी घालून ठेवलाय. नळ गळतोय, मॅडम. रात्री आवाज येत असणार."

आम्ही दोघी कान देऊन उभ्या राहिलो. एसीची घरघर होती, बाहेर व्हॅक्यूम क्लीनर चालू होता, काही ऐकू येईना. तिने बाहेरचा व्हॅक्यूम थांबवायला सांगितलं, एसी बंद केला, दार लावून घेतलं. मग ऐकू आलं. टप्. बऱ्याच वेळाने पुन्हा एकदा टप्.

पाहुण्याने तक्रार केली नव्हती. रात्री केव्हातरी उठून त्याने आपली तोड आपणच काढली होती. दुपारी प्लंबरने येऊन वॉशर बदलला. पाहुणा संध्याकाळी परतला तेव्हा नळ गळत नव्हता, आणि बेसिनच्या कडेला तसाच एक कोरडा नॅपकिन घडी घालून ठेवलेला होता.

मोठ्या हॉटेलात उतरणाऱ्या पाहुण्यांच्या अनुभवांबद्दल बोला, असं तुम्ही मला सांगितलंत. अठ्ठावीस वर्षं मी हाउसकीपिंगमध्ये काढली, आणि हा विषय म्हटला की मला पहिल्यांदा तो नॅपकिन आठवतो. हॉटेलच्या प्रत्येक खोलीत दोन माणसं राहतात, असं मी मानते. एक रात्री झोपायला येतं. दुसरं दिवसा अर्धा तास येऊन काम करून जातं. दोघांची भेट सहसा होत नाही. पण उशी कुठे ठेवली, दिवा कोणता चालू राहिला, साबण उघडला की नाही, यांतून ती एकमेकांशी बोलत असतात. लॉबीतली झुंबरं, फुलांची सजावट, दारातलं हसतमुख स्वागत हे सगळं हवंच. पण पाहुण्याच्या मनात ते किती वेळ टिकतं? फार तर पहिला तासभर. त्याचं खरं राहणं पार पडतं ते या दोन माणसांच्या मुक्या संभाषणावर.

मुळात पाहुणा आमच्याकडे विकत काय घेतो? झोप. आणि हीच गोष्ट पहिल्या रात्री देणं सगळ्यात अवघड असतं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठात मासाको तामाकी, युका सासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक सुंदर अभ्यास प्रसिद्ध केला. नव्या जागी पहिल्या रात्री माणूस गाढ झोपला, तरी त्याच्या मेंदूची डावी बाजू उजवीपेक्षा सावध राहते, असं त्यांना आढळलं. उजव्या कानाशी अनोळखी आवाज केला की माणसं जास्त लवकर जागी होत, कारण त्या कानाचा आवाज मुख्यतः डाव्या बाजूकडे जातो. काही दिवसांनी तीच माणसं त्याच जागी पुन्हा झोपली, तेव्हा दोन बाजूंमधला हा फरक उरला नव्हता.

हे वाचलं तेव्हा मला माझ्या सगळ्या पाहुण्यांची कणव आली. शहरातल्या हॉटेलात बहुतेक जण एक किंवा दोन रात्रीच राहतात. म्हणजे आमच्याकडे येणारा माणूस नेमक्या त्याच रात्री झोपायला येतो, जेव्हा त्याचा अर्धा मेंदू राखणीला बसलेला असतो. त्याला मिनिबारची, म्हणजे खोलीतल्या छोट्या फ्रिजची, गुणगुण ऐकू येते. पडद्यांच्या फटीतून आलेली उजेडाची रेघ दिसते. टीव्हीखालचा इवलासा लाल दिवा डोळ्यांत खुपतो. त्याच्या घरीही हे सगळं असेल, पण तिथे त्याचा मेंदू विश्वासाने झोपलेला असतो.

म्हणून मी प्रत्येक नव्या सुपरवायझरला कामावर रुजू झाल्यावर एक रात्र पाहुण्याच्या खोलीत झोपायला लावत असे. सकाळी कागद-पेन्सिल घेऊन यायचं आणि काय काय खुपलं ते सांगायचं. एका मुलाने लिहिलं होतं, "शेवटचा दिवा कुठून बंद होतो ते मला अकरा मिनिटं सापडलं नाही." आम्ही दर दिवशी ते बटण पुसत होतो. अंधारात, थकलेल्या हातांनी, झोपेच्या तोंडावर कुणी ते शोधलं नव्हतं.

या बाबतीत जुन्या लोकांकडे फार चांगली नजर होती. अमेरिकन हॉटेलमालक एल्सवर्थ स्टॅटलर यांनी १९०८ मध्ये बफेलो शहरात हॉटेल उघडलं, तेव्हा प्रत्येक खोलीला स्वतःचं स्नानगृह दिलं. खोलीत शिरताच हाताशी येईल असं दाराजवळ दिव्याचं बटण बसवलं. कुलपाचं भोक दाराच्या मुठीच्या वर घेतलं, म्हणजे खाली वाकून चाचपडायला नको. त्याच्याही आधी, १८२९ मध्ये, बॉस्टनला ट्रेमॉंट हाउस सुरू झालं. तिथे पाहुण्याला कुलूप लागणारी स्वतंत्र खोली मिळाली, तोंड धुवायला भांडं मिळालं, साबणही मिळाला. आज हे अगदी साधं वाटतं. पण त्या काळच्या सरायांमध्ये परक्या माणसासोबत खोली आणि कधी कधी बिछानासुद्धा वाटून घ्यावा लागे. हॉटेलने माणसाला दिलेली पहिली चैन म्हणजे आतून लावता येणारं दार. आणि त्या दाराची दुसरी किल्ली आमच्या रूम अटेंडंटच्या कमरेला असते. केवढा विश्वास आहे हा!

आता खोलीतल्या दुसऱ्या माणसाकडे येते. २००७ मध्ये आलिया क्रम आणि एलन लँगर यांनी सात हॉटेलांतल्या ८४ रूम अटेंडंट स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांचा मुख्य प्रश्न शरीराच्या व्यायामाबद्दलचा होता, पण मी त्यातली एक साधी नोंद जपून ठेवली आहे. या स्त्रिया दिवसाला सरासरी १५ खोल्या करत, आणि एका खोलीला २० ते ३० मिनिटं लागत. हिशोब करून बघा. अर्ध्या तासाने पंधरा खोल्या म्हणजे साडेसात तास. जेवण, लिफ्टची वाट पाहणं, चादरी आणायला खाली जाणं यांत धरलेलंच नाही. त्या अर्ध्या तासात पलंग पूर्ण उघडून नवा घालायचा, बाथरूम घासून कोरडं करायचं, धूळ झटकायची, ग्लास बदलायचे, केर काढायचा. मग नॅपकिनकडे बघून विचार करायला वेळ उरतो किती? एखादं मिनिट. पाहुण्याचा अनुभव सुधारायचा म्हणून हॉटेलं उशांची यादी छापतात, अत्तरं बदलतात, खोलीत टॅब्लेट ठेवतात. मला कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, बाईमागच्या दोन खोल्या कमी करा. त्या वेळात ती जे पाहील ते कुठलाही टॅब्लेट पाहणार नाही.

पण नुसतं पाहणं पुरत नाही, हे मी स्वतः चूक करून शिकले. आमच्याकडे एक गृहस्थ आठवडाभर उतरले होते. त्यांच्या पलंगाशेजारच्या टेबलावर एक छोटी फ्रेम होती, फोटो खाली करून पालथी ठेवलेली. आमची अटेंडंट ती रोज पुसून उभी करून ठेवत असे, फोटो पलंगाकडे वळवून. तसं तिला मीच शिकवलं होतं, की पाहुण्याची वस्तू पडलेली दिसली तर नीट उभी करावी. दुसऱ्या दिवशी फ्रेम पुन्हा पालथी, तिने पुन्हा उभी केली. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. आवाज अजिबात चढवला नाही. म्हणाले, "हा चेहरा मला बरोबर हवा आहे, पण अजून बघवत नाही. तो तसाच राहू द्या." मी माफी मागितली. खाली येऊन ब्रीफिंगच्या फळ्यावर लिहिलं, की वस्तू सलग दोन दिवस एकाच प्रकारे ठेवलेली असेल तर ती पडलेली नाही, ठेवलेली आहे, तिला हात लावायचा नाही. पुढे मी ज्या ज्या हॉटेलात गेले तिथे हा नियम घेऊन गेले. पाहुण्याचा पसारा आवरताना त्याचं मन आवरायला जाऊ नये, हे मला त्या तीन दिवसांनी शिकवलं.

एक अभ्यास मला विशेष आवडतो. नोआ गोल्डस्टीन, रॉबर्ट चाल्डिनी आणि व्लादास ग्रिस्केविशियस यांनी २००८ मध्ये तो प्रसिद्ध केला. टॉवेल रोज धुवायला न टाकता पुन्हा वापरा, अशी विनंती करणाऱ्या पाट्या त्यांनी एका हॉटेलातल्या खोल्यांत लावल्या. पर्यावरण वाचवा अशा नेहमीच्या पाटीला ३७.२ टक्के प्रतिसाद मिळाला. "याच खोलीत राहिलेल्या बहुतेक पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला" या पाटीला ४९.३ टक्के. एरवी पूर्ण अनोळखी असलेली, कधी न भेटलेली माणसं, केवळ त्याच खोलीत झोपून गेली म्हणून पाहुण्याला जवळची वाटली! खोली माणसांना जोडते, ती अशी.

त्या जोडणीच्या आड जे येतं त्याबद्दल थोडं कडक बोलते. एका हॉटेलात रात्री दोन वाजता एका बाईंनी रिसेप्शनला फोन केला, की एसीच्या जाळीतून खडखड येते आहे, झोप लागत नाही. ड्युटीवरचा मुलगा गुणी होता. चार खोल्या रिकाम्या होत्या, पण सगळ्या वरच्या वर्गाच्या. तशी खोली द्यायला मॅनेजरची सही लागत असे, आणि मॅनेजर फोन उचलत नव्हते. मुलाने दोनदा माफी मागितली, इंजिनिअरिंगच्या माणसाला वर पाठवलं, म्हणजे रात्री अडीच वाजता शिडी घेऊन एक परका माणूस त्यांच्या खोलीत! सकाळी त्यांना फळांची टोपली आणि दिलगिरीचं पत्र गेलं. त्यांनी टोपली तशीच दारात ठेवली. मला त्यांचं अगदी पटलं. त्यांना फळं नको होती, रात्री दोन ते सहा हे चार तास हवे होते. रिट्झ-कार्लटन या हॉटेलांनी प्रत्येक कर्मचाऱ्याला एका पाहुण्याची अडचण सोडवण्यासाठी वरिष्ठांना न विचारता दोन हजार डॉलरपर्यंत खर्च करायची मुभा दिली, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. इतक्या रकमेची गरज क्वचितच पडते. खरी गरज असते ती "मी आत्ता करतो" हे तीन शब्दांचं धैर्य देणाऱ्या विश्वासाची.

तो विश्वास दुसऱ्या दिशेनेही हवा. बंद दाराच्या खोल्यांमध्ये बायका एकट्या काम करतात. त्यांच्यावर कोणते प्रसंग येतात हे आमच्या धंद्याने वर्षानुवर्षं गालिच्याखाली सारलं. शिकागो शहराने २०१७ मध्ये नियम केला, की खोलीत एकट्याने काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला हॉटेलने मदतीचं बटण द्यायलाच हवं. असं बटण मी माझ्या हाताखालच्या मुलींना दिलं त्या दिवशी त्यांनी किती प्रश्न विचारले! कुठे वाजेल, कोण येईल, किती वेळात येईल. इतकी वर्षं हे प्रश्न त्यांच्या पोटात होते आणि मी ते विचारले नव्हते. जिला आपण सुरक्षित नाही असं वाटतं, ती नळाखालचा नॅपकिन बघत बसणार नाही. लवकर काम उरकून बाहेर पडेल, आणि तिचं बरोबरच आहे.

पाहुणे म्हणून तुम्ही काय करावं, असं दरवेळी विचारतात. मी एवढंच सांगते, जे हवं असेल ते कागदावर लिहून ठेवा. "उशी एकच पुरे", "खिडकीचा पडदा उघडू नका", दोन शब्द. बक्षिसी द्यायची असेल तर शेवटच्या दिवशी एकदम देण्यापेक्षा रोज ठेवा, कारण रोज तेच माणूस खोली करत असेल असं नाही. आणि काही बिघडलं असेल तर रात्रीच फोन करा. पुष्कळ चांगली माणसं संकोचाने गप्प बसतात आणि उठून नॅपकिनची चौघडी घालतात.

ते नॅपकिनवाले गृहस्थ चौथ्या दिवशी निघाले. चेक-आउट करताना त्यांनी रिसेप्शनला विचारलं, "माझी खोली कोण करत होतं?" मला फोन आला. मी तिला घेऊन खाली निघाले, तर ती सवयीने सर्व्हिस लिफ्टकडे वळली. मी म्हटलं, आज इकडून. पाहुण्यांच्या लिफ्टमध्ये ती आरशाकडे पाठ करून, हात मागे बांधून उभी होती. लॉबीत ते गृहस्थ पुढे आले, काय बोलावं ते दोघांनाही सुचेना. मग तिनेच विचारलं, "आवाज बंद झाला ना?"

"त्याच रात्री," ते म्हणाले.