पहिल्या दिवशी पेन्सिल चालली पाहिजे

नमस्कार मंडळी. कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय छापलाय तो असा: पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी गणितातले उन्हाळी संशोधन कार्यक्रम कसे उभे करावेत. त्याकडे येतोच. पण गणित शिकवणारी इतकी माणसं एका खोलीत क्वचित भेटतात, तेव्हा आधी थोडं फळ्यावर काम करू.

कुणीतरी चार पूर्णांक सांगा. वेगवेगळे हवेत, एवढीच अट. एक, चार, सहा, अकरा? चालेल. आता प्रत्येक जोडीतला फरक काढा. तीन, पाच, दहा, दोन, सात, पाच. सहा जोड्या, सहा फरक. गुणाकार? बरोबर, १०,५००. त्याला १२ने पूर्ण भाग जातो, ८७५ येतात. तुम्ही दुसरे कुठलेही चार पूर्णांक दिले असते तरी १२ने भाग गेलाच असता. मागे कुणीतरी ऋण संख्या घेऊन बघतंय. बघा, अवश्य बघा, तिथेही जातो. हे १२ आले कुठून? शून्य, एक, दोन आणि तीन यांची फॅक्टोरियल घ्या, म्हणजे एकपासून त्या संख्येपर्यंतच्या सगळ्यांचा गुणाकार (शून्याचं १ धरतात): १, १, २, ६. त्यांचा गुणाकार १२. पाच पूर्णांक घेतलेत तर आणखी चारच्या फॅक्टोरियलने, म्हणजे २४ने गुणायचं, म्हणजे २८८ने भाग जाणार.

इथपर्यंत जुनं गणित झालं. आता अट घालू की चारही मूळ संख्या हव्यात. २, ३, ५, ७. फरक १, ३, ५, २, ४, २. गुणाकार २४०. याला १२ने तर भाग जातोच, पण ४८नेही जातो. आणि कुठल्याही चार मूळ संख्या घ्या, ४८ने जातोच. म्हणजे मूळ संख्यांचं त्यांचं स्वतःचं फॅक्टोरियल आहे: १, १, २, २४ असं सुरू होणारं, आणि या चौघांचा गुणाकार ४८. सम संख्यांचं निराळं, वर्गसंख्यांचं निराळं. पूर्णांकांचा कुठलाही अनंत संच द्या, त्याचं फॅक्टोरियल काढता येतं.

कसं? एक मूळ संख्या ठरवा, समजा २. संचातली कुठलीही एक संख्या उचला. दुसरी अशी उचला की पहिलीशी तिच्या फरकात २चा घात कमीत कमी असेल, म्हणजे त्या फरकाला २ने सलग कमीत कमी वेळा भाग जाईल. तिसरी अशी, की आधीच्या दोघींशी असलेल्या फरकांच्या गुणाकारात तो घात कमीत कमी असेल. असंच पुढे. वाटेत पुष्कळदा दोन-तीन संख्या सारख्याच चालतात. तुम्ही एक उचलाल, शेजारचे दुसरी उचलतील. तरीही शेवटी दोघांच्या कागदावर घातांची यादी तीच! मग ३साठी, ५साठी, सगळ्या मूळ संख्यांसाठी तेच करायचं आणि प्रत्येक यादीत त्याच क्रमांकावर मिळालेले घात गुणायचे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कागद घेऊन बसलो आणि उठवेना.

हे गणितज्ञ मंजुल भार्गव यांचं काम. १९९५च्या उन्हाळ्यात ते अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या डुलुथमधल्या अशाच उन्हाळी संशोधन कार्यक्रमात होते. जोसेफ गॅलियन यांनी तो १९७७मध्ये सुरू केला. भार्गवांची हार्वर्डची पदवी तेव्हा पूर्ण व्हायची होती. पुढच्याच वर्षी त्यांना पदवीच्या विद्यार्थ्यांच्या संशोधनासाठीचं मॉर्गन पारितोषिक मिळालं आणि २०१४चं फील्ड्स पदक, गणितातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान, तर सगळ्यांना ठाऊक आहे.

मला बोलायचंय ते त्यांच्या बुद्धीबद्दल नाही, या प्रश्नाबद्दल. आत्ता पाच मिनिटांत तुम्ही सगळे त्यात शिरलात. उन्हाळ्यासाठी प्रश्न निवडताना माझी पहिली अट हीच: पहिल्या दिवशी दुपारपर्यंत विद्यार्थ्याची पेन्सिल चालली पाहिजे. छोटी उदाहरणं हाताने करता आली पाहिजेत, आणि ती करताना पुढचं आपोआप विचारावंसं वाटलं पाहिजे.

याच्या नेमकं उलट काय चालतं तेही सांगतो, कारण माझा जीव त्यात तुटतो. माझी एक विद्यार्थिनी एका नावाजलेल्या संस्थेत उन्हाळ्यासाठी निवडली गेली. आम्हा सगळ्यांना केवढा आनंद. तिथे पहिल्याच दिवशी तिच्या हातात एक जाडजूड पुस्तक देऊन सांगितलं, पहिली चार प्रकरणं वाच, अडलं तर विचार. ज्यांना विचारायचं ते दुसऱ्या दिवशी परदेशी परिषदेला गेले. मुलगी मन लावून वाचत राहिली. गणितं सोडवली, वह्या भरल्या, त्या वह्या कुणी उघडल्या नाहीत. शेवटच्या आठवड्यात त्या चार प्रकरणांच्या स्लाइड केल्या, टाळ्या झाल्या, प्रमाणपत्रावर ‘संशोधन प्रकल्प’ असं आलं. परत आल्यावर मी विचारलं, काय शोधलंस? म्हणाली, ‘सर, शोधायचं काय होतं तेच शेवटपर्यंत कळलं नाही.’ तिचा यात काहीही दोष नव्हता.

गैरसमज नको, वाचनाला मी कमी लेखत नाही. प्रा. कुमारेसन यांनी १९९३मध्ये सुरू केलेलं एमटीटीएस, म्हणजे ‘मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च’ शिबिर घ्या. तिथे संशोधनाचा दावाच नसतो. व्याख्या घोकून आलेल्या मुलाला प्रश्न विचारून विचारून स्वतःचा विचार करायला लावतात. त्याने मुलं घडली. पण वाचन असेल तर वाचन म्हणा, मुलांना सांगा आणि प्रमाणपत्रावरही तेच लिहा.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय. तेव्हा कबूल केलेला विषय आता भराभर.

प्रश्न हिवाळ्यातच जमवायला लागा, आणि मुलांना देण्याआधी स्वतः दोन दिवस त्यांच्याशी झटापट करा. आलेख सिद्धांत, संख्या सिद्धांत, संयोजनशास्त्र (मोजणीचं गणित) इथे असे प्रश्न भरपूर आहेत. उदाहरणार्थ, आलेखाच्या, म्हणजे रेषांनी जोडलेल्या बिंदूंच्या जाळ्याच्या, बिंदूंवर खडे ठेवायचे. एका बिंदूवरचे दोन उचलले की एक शेजारच्या बिंदूवर जातो, दुसरा बाद. खडे कसेही मांडलेले असोत, हव्या त्या बिंदूवर एक खडा नक्की पोचवायला एकूण किती खडे लागतील? सरळ रेषेतल्या चार बिंदूंना आठ लागतात, ते आज रात्री करून बघा. वर्तुळाला किती, ते उद्या.

डुलुथला प्रत्येकाला स्वतंत्र प्रश्न मिळतो. अमेरिकेतल्याच विल्यम्स कॉलेजात १९८८पासून गट करतात. नवख्या मुलांसाठी मला गट बरा वाटतो, तिघांचा. साधारण तिसऱ्या आठवड्यात सगळे अडकतात. तेव्हा मार्गदर्शक त्याच इमारतीत हवा, आणि त्याने उत्तर सांगायचं नाही. दर आठवड्याला प्रत्येकाने फळ्यावर बोलायचं, अडलेलंसुद्धा.

पेपर झाला तर उत्तमच. नाही झाला तर केलेले तक्ते आणि फसलेल्या वाटा नीट लिहून पुढच्या तुकडीला द्या. निवड करताना गुणपत्रिका बाजूला ठेवा. अर्जातच एक छोटा प्रश्न द्या आणि काय काय करून पाहिलं ते लिहायला सांगा. सुटला की नाही, ते बघू नका.

राहिला पैसा. अमेरिकेत एनएसएफ ही सरकारी विज्ञान संस्था १९८७पासून अशा कार्यक्रमांना अनुदान देते आणि त्यातून विद्यार्थ्याला भत्ता मिळतो, पण तो तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच. बाकीच्यांची सोय आपापल्या संस्थांनी करायची. भत्ता नसेल तर ज्या मुलाला सुट्टीत कमावून घरी पैसे द्यावे लागतात तो अर्जच करत नाही, आणि तुमच्याकडे कोण आलं नाही हे तुम्हाला कधी कळतही नाही. म्हणून अंदाजपत्रकात सभागृह, बॅनर, चहापाणी यांच्या आधी भत्त्याची ओळ लिहा.