बाळ छातीशी देताना

(नव्या परिचारिकांसमोर केलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवून ऊब द्यायची, ही ‘कांगारू’ पद्धत शिकवायला सुरुवातीची काही वर्षं मी तक्ता घेऊन वॉर्डात जायचे. सात मुद्दे, सुंदर अक्षरात. मी वाचायचे, बायका माना डोलवायच्या. संध्याकाळी परत जावं तर बाळं कपड्यात गुंडाळून पाळण्यात, आणि आया भिंतीला टेकून बसलेल्या. मला वाटायचं, यांना कळत नाही. त्यांना सगळं कळत होतं, भीती वाटत होती. दीड किलोचं बाळ, बोटाएवढा दंड, नाकात नळी. त्याला उघडं करून छातीवर घे म्हणणारी बाई आईला वेडीच वाटणार.

त्यामुळे आता मी आधी बोलत नाही. हात धुवायला लावते, खुर्चीत मागे रेलून बसवते, बाळ हातात देते. बाळाला फक्त टोपरं, लंगोट आणि मोजे. दोन्ही स्तनांच्या मधे उभं धरायचं, हातपाय बेडकासारखे दुमडलेले, डोकं एका कुशीला. हनुवटी छातीत रुतू द्यायची नाही. वास घेताना आपण मान जशी किंचित वर करतो, तेवढीच वर. इथे मात्र घाई करू नका, कारण मान वाकली की श्वासाची वाट अडते आणि ते बाहेरून पटकन दिसत नाही. मग कापड बांधायचं, वरची कड बाळाच्या कानाखाली, नाकतोंड मोकळं. गाठ तिलाच मारू द्या. तुम्ही मारलीत तर रात्री सुटलेली गाठ ती बांधणार नाही, बाळ पाळण्यात ठेवेल.

हे सुचलं कुठून? कोलंबियात, बोगोटाला. 1978-79 च्या सुमारास तिथल्या प्रसूतिगृहात इन्क्युबेटर, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या पेट्या, कमी आणि बाळं जास्त अशी अवस्था होती. एदगार रे आणि एक्तोर मार्तीनेस या डॉक्टरांनी बाळं आयांच्या अंगावर द्यायला सुरुवात केली. गरजेपोटी काढलेली वाट म्हणून बरेच दिवस तिला दुय्यम समजलं गेलं: यंत्र नसेल तर आई. पुढे भारतासह पाच देशांत मोठा अभ्यास झाला, तो 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. एक ते 1.8 किलोच्या आतली बाळं. पूर्वी आपण बाळ स्थिरावेपर्यंत थांबायचो. यात जन्मानंतर लगेच आईच्या अंगावर दिली. पहिल्या अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू 15.7 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर आले. 2022 पासून जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, जमेल तितक्या लवकर सुरू करा, दिवसाला आठ ते चोवीस तास. व्हेंटिलेटरवरचं किंवा शॉकमधलं (रक्ताभिसरण ढासळलेलं) बाळ अपवाद.

आईला हे आकडे सांगू नका. तिला तळपाय दाखवा. आपल्या हाताच्या पाठीने आधी बाळाचं पोट, मग तळपाय चाचपायचे. दोन्ही ऊबदार, तर ठीक. पोट गरम आणि पाय गार, म्हणजे बाळ गारठायला लागलंय. दोन्ही गार, तर लगेच हाक मारायची. या बाळांच्या अंगावर चरबी फारशी नसते, वजनाच्या मानाने कातडी फार, म्हणून ऊब भराभर निघून जाते. एकदा हात लावून समजलं की ती तुमच्यापेक्षा जास्त वेळा तपासते. रंग निळसर पडला किंवा श्वास थांबल्यासारखा वाटला तरी हाक मारायचीच, आणि त्या हाकेला कुणी चिडायचं नाही. (हे तुमच्यासाठी.)

एकदा घेतलं की निदान तासभर ठेवा. सारखं काढघाल केली तर बाळ दमतं. चोखण्याची ताकद नसेल तर काढलेलं दूध वाटी-चमच्याने, तिथेच छातीवर असताना. सिझेरियन झालेल्या आईला उशा देऊन अर्धवट बसवा. ती थकली तर वडिलांची छाती चालते. त्यांना शर्ट काढायला सांगताना आपणच लाजतो, ते लाजत नाहीत. आणि सगळ्यात चांगली शिक्षिका शेजारच्या खाटेवरची असते, चार दिवस आधी घाबरलेली. नवीला तिच्याजवळ बसवा आणि तुम्ही दुसरं काम करा.

थांबवायचं कधी, असं प्रत्येक तुकडी विचारते. वजन अडीच किलोच्या आसपास आलं की बाळच सांगतं. घामेजतं, पाय ताणतं, कापडातून डोकं बाहेर काढतं. आई तक्रार घेऊन येते, ‘सिस्टर, हा आता राहतच नाही.’ तेव्हा गाठ सोडायची.