कोकणचा राजा आपल्या वंशावळीत

मंडळी, अलिबागला जुन्या इतिहासावर बोलायचं म्हटलं की कार्यक्रमानंतर कुणीतरी पिशवीतून वंशावळ काढतंच. आजही अशा दोन-तीन पिशव्या मला इथून दिसताहेत. बहुतेकांच्या वरच्या टोकाला शिलाहार, म्हणजे कोकणावर राज्य केलेल्या जुन्या घराण्यातला, राजा असतो. का नसावा? इथे जवळच आक्षीच्या शिलालेखात केसिदेवराय 'पश्चिम समुद्राधिपती', 'कोकण चक्रवर्ती' अशी बिरुदं मिरवतो. असा पूर्वज कुणाला नको!

आता थोडं गणित. उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार सोमेश्वर. देवगिरीच्या यादव महादेवाशी लढताना, इ.स. १२६५ च्या सुमारास, तो समुद्रात बुडाला. पंचवीस वर्षांची पिढी धरली तर तिथपर्यंत तीस पिढ्या होतात. प्रत्येक पिढीला पूर्वज दुप्पट, म्हणजे तिसाव्या पिढीला १०७ कोटी! तेव्हा जगात ५० कोटी माणसंही नव्हती. अर्थ सरळ आहे, तेच ते पूर्वज फिरून फिरून आले. आपल्याकडे तर जास्तच, कारण सोयरीक जातीतली, तीही फार तर दोन खाड्या ओलांडून, नाहीतर घरातच मामाची मुलगी. त्यामुळे शिलाहारांचा वंश पुढे चालला असेल, तर तो आज असंख्य घरांत असणार. सगळ्या जातींत सारखा नाही, हे खरं.

राजा पूर्वज असणं त्यामुळे फारसं नवलाचं नाही. कठीण आहे तो कागद. कुलवृत्तांत बहुधा शिवकाळाच्या आसपास 'मूळ पुरुषा'शी थांबतात. त्याच्यामागे सोमेश्वरापर्यंत चारशे वर्षं कोरी. तिथे आडनाव शेलार आहे, ते 'शिलाहार'शी जुळतं, एवढ्यावर उडी मारायची, हा माझ्या मते पुरावा नव्हे, हौस आहे. हौसेला हरकत नाही.

शिवाय या वंशावळी लिहिल्या कशासाठी? इनामांचे दावे तपासणाऱ्या इंग्रजांच्या इनाम कमिशनपुढे हक्क सांगायला, खोतीची तक्षीम, म्हणजे भाऊबंदांतला वाटा, ठरवायला. मी पाहिलेल्या एका मोडी कागदावर प्रत्येक नावाभोवती गोल होता. एका गोलाशेजारी 'निपुत्रिक', दुसऱ्याशेजारी 'बडोद्यास गेला'. गेला तो गेलाच, त्याची मुलंबाळं पुढे नाहीत. वाटाच मागायला येणार नसेल तर शाई कोण खर्च करणार? आणि मुलगी एकही नाही. सुनांचंही तेच, लग्नात माहेरचं आडनाव तर जायचंच, पाळण्यातलं नावही बदलायचं. गणितातल्या त्या १०७ कोटींत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तुमच्या घरात राजा आला असेल तर तो अशाच एखाद्या सुनेकडून येण्याची शक्यता कितीतरी जास्त, आणि ती वाट कागदावर नाही.

तरीही शोधायचंच असेल तर पुण्याच्या पेशवे दफ्तरात जा, मोडी वाचणारा सोबत घ्या. जाताना आडनाव नको, गावाचं आणि तालुक्याचं जुनं नाव न्या. महसुलाचे कागद गावावरून सापडतात. आता आणा त्या पिशव्या.